ओडेटची कॉफी

दर मंगळवारी सव्वादहाच्या सुमारास ब्रॅनॉक कंपनीच्या तिसऱ्या मजल्यावर ग्रेडी लोवेनथाल पेनाचं टोक टेबलावर आपटायचा आणि म्हणायचा, "ओडेट, कॉफी." मग ओडेट व्हिएरा वही मिटायची, खुर्ची टेबलाखाली नीट सरकवायची आणि बाहेर जायची. तिच्या मागे काचेचं दार लागायचं, पडदे ओढले जायचे आणि आत पुढच्या वर्षी येणाऱ्या फोनांबद्दल बोलणी सुरू व्हायची. बोलणी संपली की कुणीतरी काचेवर टकटक करी. ओडेट परत येऊन बसे. मधल्या अर्ध्या तासात काय झालं हे ती विचारत नसे आणि कुणी सांगत नसे.

कारण ओडेट कंपनीची प्रवक्ती होती. नवं काय येतंय, जुनं काय बंद होतंय, हे विचारणारा प्रत्येक फोन तिच्या टेबलावर यायचा आणि प्रत्येकाला ती एकच उत्तर द्यायची, "असा काही बेत माझ्या माहितीत नाही." ते उत्तर खरं असायचं. आत माहिती द्यायची वेळ आली की बाईसाहेब कॉफी प्यायला गेलेल्या असत. एकोणीस वर्षांत आपण कुणाशी एकदाही खोटं बोललो नाही, याचा तिला मोठा अभिमान होता आणि रविवारी चर्चमध्ये ती ताठ मानेने बसायची. कान झाकून सांभाळलेल्या सचोटीला आपल्याकडे लोक वेगळं नाव देतील. कंपनीच्या सनीव्हेल गावात त्या सचोटीला शिस्त म्हणत.

नव्याने नोकरीला लागलेल्या पोरापोरींना हा प्रकार विचित्र वाटे. त्यांना ओडेटच समजावून सांगायची. कोठारात जुने फोन लाखांनी पडलेले असतात. वसंतात नवा येतोय असं कळलं तर नाताळात जुना घेणार कोण? शिवाय शेजारच्या कंपन्या कान टवकारून बसलेल्याच असतात. आणि तिसरं म्हणजे इथे ठरलेल्या गोष्टींतल्या निम्म्या ऐनवेळी मोडतात. आज हो म्हणायचं आणि मार्चमध्ये बेतच रद्द व्हायचा, म्हणजे तेही खोटंच. एकदा एका मुलीने विचारलं होतं, मग सरळ 'आत्ता सांगता येत नाही' असं का म्हणत नाही आपण? ओडेट हसली होती. ज्या दिवशी काहीच शिजत नाही त्या दिवशी तुम्ही 'नाही' म्हणणार आणि शिजत असेल त्या दिवशी 'सांगता येत नाही' म्हणणार, तर शेंबड्या पोरालाही कळेल की आत काय चाललंय. म्हणून रोज नाहीच म्हणायचं. मुलीने ते वहीत लिहून घेतलं होतं.

या सगळ्या विचारणाऱ्यांत एक माणूस असा होता की त्याचा फोन आला की ओडेट नकळत खुर्चीत सावरून बसायची. वॉरन कितागावा. पस्तीस वर्षांपूर्वी सॅन होजेच्या शाळेत ते अडखळत बोलणाऱ्या मुलांना शिकवायचे आणि ओडेटचा धाकटा भाऊ एडमुंडो त्यांच्याकडे जायचा. एडमुंडोला 'गाय' म्हणायला अर्धं मिनिट लागे. आई, बाप, शेजारी, खुद्द ओडेट, सगळे घाईघाईने त्याचं वाक्य पुरं करून टाकायचे आणि वर त्याच्यावर उपकार केल्यासारखे हसायचे. कितागावा सर तसं कधी करत नसत. टेबलावर हात पालथा ठेवून बसायचे आणि पोराचा शब्द पोराच्याच तोंडून येईपर्यंत थांबायचे, मग तास संपला तरी चालेल. तोच एडमुंडो आज टर्लॉकच्या गुरांच्या बाजारात लिलाव पुकारतो आणि त्याची जीभ इतकी चालते की गायींनाही दम लागावा. व्हिएरांच्या घरात कितागावा सरांचं नाव देवाच्या खालोखाल घेतलं जाई.

सर निवृत्त होऊन वॉटसनव्हिलला राहायला गेले आणि दोन-चार वर्षांत त्यांच्याच घरात वाचा गेली. जून नावाची त्यांची बायको मेंदूच्या झटक्यातून वाचली, पण बोलणं गेलं, उजवा हात गेला आणि नजरही अर्धी झाली. तिला आधार मिळाला तो ब्रॅनॉकच्याच 'रॉबिन' नावाच्या फोनचा. रॉबिनला उंच उंच बटणं होती, बोटाने चाचपून कळतील अशी. डाव्या अंगठ्याने जून अक्षरं दाबायची आणि रॉबिन ते वाक्य मोठ्याने बोलायचा. तिच्यासारखी आणखी माणसं आहेत हे कळल्यावर सरांनी एक पत्रक सुरू केलं. दर महिन्याला चार पानं, अकराशे घरांत जायची. कुठलं बटण लवकर झिजतं, अंगठ्याला घट्टे पडले तर काय लावावं, असल्या गोष्टी त्यात असत. कुणी त्याला वर्तमानपत्र म्हणणार नाही, पण ते अकराशे लोक दुसरं काही वाचत नसत.

त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये एका मंगळवारी ओडेट नेहमीसारखी कॉफीला बाहेर आली. पेला भरून घेते आहे तोवर खोकी तयार करणाऱ्या विभागातला तुआन फाम धावत आला. त्याच्या हातात नव्या खोक्याचा छापील नमुना होता. मागच्या मजकुरावरून एकदा नजर फिरव, छपाईला आजच जायचंय, म्हणत त्याने तो तिच्यापुढे धरला. खोक्यावर रॉबिनचं चित्र होतं. वरपासून खालपर्यंत नुसती काच. बटण एकही नव्हतं, आणि खाली लिहिलं होतं की जुन्या रॉबिनची जागा आता हा घेईल.

तुआनला तिच्या चेहऱ्याकडे बघून चूक कळली आणि त्याचा रंगच उडाला. ब्रॅनॉकमध्ये अशा वेळी काय म्हणायचं हे ठरलेलं होतं. ओडेटने नमुना उलटा करून त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "मी हे पाहिलं नाही." तुआन म्हणाला, "तू हे पाहिलं नाहीस." एवढं म्हटलं की न पाहिल्यासारखं होई. नोकऱ्या वाचत, कुणी वर तक्रार करत नसे. ओडेटने कॉफी संपवली, टकटक झाल्यावर आत गेली आणि वही उघडून बसली.

शुक्रवारी सरांचा फोन आला. त्यांनी सरळ मुद्द्याला हात घातला. गिलरॉयच्या दुकानदाराने त्यांना सांगितलं होतं की बटणांच्या रॉबिनची नवी मागणी कंपनी घेत नाहीये. त्यावरून त्यांनी ऑक्टोबरच्या अंकात लिहिलं होतं की ज्यांचं या फोनावाचून अडतं त्यांनी एक-दोन जादा घेऊन ठेवा. आता लोक हवालदिल झाले होते. एका घरात दोन फोन घ्यायचे म्हणून शेगडीची दुरुस्ती पुढे ढकलली होती.

"म्हणून तुलाच विचारतो, ओडेट. बटणं जाणार आहेत का?"

"असा काही बेत माझ्या माहितीत नाही, सर."

हे वाक्य तिच्या तोंडून आलं तेव्हा ती विचारच करत नव्हती. एकोणीस वर्षांत ते इतकं घोटलं होतं की तोंड उघडलं की बाहेर पडायचं. पण पलीकडून उत्तर आलं नाही. सर थांबले होते. समोरच्याला अजून काही बोलायचं असेल तर बोलू द्यावं, म्हणून ते नेहमी थांबत. त्या शांततेत तिला मागे बारीक टिकटिक ऐकू आली. जून काहीतरी लिहीत होती. ओडेटने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. एवढी थोरली सवड तिला त्या वर्षात दुसऱ्या कुणी दिली नव्हती.

"नाही, सर," ती म्हणाली. "नाही."

"मग झालं," सर म्हणाले. "मी उगाच लोकांना घाबरवलं. पुढच्या अंकात माफी मागतो."

माफी मागू नका, एवढं तरी ती म्हणू शकली असती. तिने तोंड उघडलंही. पण बाहेर आलं ते एवढंच की बाईंना माझा नमस्कार सांगा.

नोव्हेंबरचा अंक टपालाने आला आणि त्याच्याबरोबर दरवर्षीचा पत्र्याचा डबा आला. वॉटसनव्हिलच्या घरामागे पर्सिमॉनचं झाड होतं. सर त्याची फळं सोलून दोरीने पडवीत टांगायचे आणि महिनाभर रोज एकेक फळ हाताने हलकेच चोळायचे, मग त्यावर पांढरी साखर धरायची. डबाभर फळांमागे किती दिवसांची मेहनत असते हे ओडेटला माहीत होतं. व्हिएरांच्या घरी तो डबा नाताळच्या गोड पावाबरोबर उघडायची रीत होती. अंकाच्या पहिल्याच पानावर चौकट होती: 'माझी चूक झाली. ऐकीव गोष्टीवरून मी तुम्हाला घाबरवलं आणि तुमच्यातल्या काहींना खर्चात पाडायला निघालो. कंपनीतल्या विश्वासू व्यक्तीने मला सांगितलं आहे की बटणांचा रॉबिन कुठेही जात नाही. जादा फोन घेऊ नका. मला क्षमा करा.'

ओडेटने ते दोनदा वाचलं. तिचे कान तापले. शाळेत चोरी पकडली गेलेल्या पोरासारखं तिने अंक घडी करून डब्याखाली सारला, आणि डबा न उघडताच फडताळात सगळ्यात मागे ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती ग्रेडीकडे गेली. फक्त एका माणसाला सांगू दे, म्हणाली. ग्रेडी दुष्ट होता असं मुळीच नाही. त्याने दार लावून घेतलं, तिला बसवलं, सगळं ऐकून घेतलं आणि तिनेच नव्या पोरांना शिकवलेला धडा तिला म्हणून दाखवला. एकाला सांगितलं की अकराशे घरांत जाणार, तिथून दुकानात, दुकानातून सगळ्या गावात. ते अकराशे जण उलट जुनाच फोन विकत घेतील, हे ओडेटने सांगून पाहिलं. ग्रेडीने मान डोलावली. ते मला कळतं, म्हणाला, पण बाकीचे लाखो घेणार नाहीत, आणि आपल्या आकड्यांत हे अकराशे दिसतसुद्धा नाहीत गं. मग तो थोडा हसला.

"आणि तू काय सांगणार त्यांना? तुला तर काही माहीतच नाही. तू कॉफीला गेली होतीस."

तुआनचं नाव सांगितल्याशिवाय याला उत्तर नव्हतं, आणि तुआनला दोन लहान मुली होत्या. निदान ओडेटने स्वतःला तसं सांगितलं. खरं म्हणजे ग्रेडीने नाही म्हटल्यावर तिला हायसं वाटलं होतं. वरून नकार आला, आता आपल्या हातात काही नाही, असं वाटून ती जिना उतरली आणि अर्ध्या जिन्यात तिला आपल्या त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली. तरी तिने सरांना फोन केला नाही. घरी जाऊन केला असता तर कुणाला कळणार होतं? नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. त्या नाताळात एडमुंडोने डबा कुठे आहे म्हणून विचारलं, तेव्हा या वर्षी आलाच नाही असं तिने सांगितलं. सख्ख्या भावाशी ती सुकवलेल्या फळांबद्दल खोटं बोलली.

जानेवारीच्या मध्यावर मोठ्या सभागृहात नवा रॉबिन जाहीर झाला. टाळ्यांचा कडकडाट झाला. ग्रेडीने काचेवरून बोट फिरवून दाखवलं. जुना रॉबिन बंद झाल्याचं एका ओळीत सांगून झालं, आणि ज्यांना बटणंच हवी होती ते लोक जागे होईपर्यंत दुकानांतला उरलासुरला माल संपला होता. ओडेटकडे शेकडो पत्रं आली. शिव्याही होत्या त्यांत. सरांचा मात्र फोन आला नाही. पाच दिवसांनी त्यांची मेल आली, तीही कामापुरती. फेब्रुवारीच्या अंकात एक मजकूर घेतोय, तुझं नाव आहे, तर छापण्याआधी नजर टाक.

मजकूर असा होता: 'तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ओडेट व्हिएरा यांच्याबद्दल कडू लिहिलं आहे. मी त्यांना लहानपणापासून ओळखतो. त्यांच्या कंपनीत पुढचं काही त्यांना मुद्दाम सांगितलं जात नाही. त्यांना माहीत नव्हतं. राग माझ्यावर धरा, त्यांच्यावर नको.'

'ठीक आहे, छापा' एवढं लिहिलं असतं की प्रकरण मिटलं असतं. लोकांच्या नजरेत ती पुन्हा धुतल्या तांदळासारखी झाली असती, आणि तेही कुणाच्या शब्दावर? ओडेटचा हात कळफलकावर बराच वेळ तसाच राहिला. मग ती उत्तर न पाठवताच उठली आणि शनिवारी सकाळी गाडी काढून डोंगरापलीकडे वॉटसनव्हिलला निघाली. आदल्या दिवशी तिने कंपनीच्या नमुन्यांच्या कपाटातले शेवटचे दोन जुने रॉबिन रीतसर सही करून पिशवीत घेतले होते. रिकाम्या हाताने जायची हिंमत नव्हती.

सर स्वयंपाकघरात होते. भाताचा कुकर नुकताच बंद झाला होता. जून खिडकीपाशी बसली होती आणि तिच्या मांडीवर रॉबिन होता. त्याच्या दोन बटणांचं रबर निघून गेलं होतं आणि तिथे सरांनी नेलपॉलिशचे थेंब वाळवून टेकाडं केली होती. टेबलावर एक यादी पडली होती. ज्यांचे फोन बंद पडलेत किंवा पडायला आलेत, ज्यांनी नोव्हेंबरचा अंक वाचून जादा फोन घेतला नव्हता, त्यांची नावं. सर सांगत होते, लॉस बानोसच्या एका माणसाचं अठराव्या तारखेला मधलं बटण तुटलं, तेव्हापासून तो बायकोशी पाटीवर रेघा मारून बोलतोय. सांगताना आवाजात आरोप नव्हता. चहा ठेवू का, असं त्यांनी त्याच सुरात विचारलं.

ओडेट बसली नाही. "सर, ते वाक्य काढा," ती म्हणाली.

"कुठलं?"

"मला माहीत नव्हतं, ते."

"का?"

"कंपनीत ते आधीच ठरलं होतं. कंपनीला माहीत होतं."

खिडकीपाशी टिकटिक झाली. अगदी थोडी. मग रॉबिन बोलला. तो बाईचा शांत आवाज होता. रॉबिन जाहीर झाल्यावर दहा आवाजांतून तो निवडला, तेव्हा ओडेट त्या खोलीत हजर होती, आणि ऐकणाऱ्याला दिलासा वाटावा म्हणून तिनेच तो आवाज सुचवला होता.

"तुला?" आवाजाने विचारलं.

ओडेटने तोंड उघडलं. शेकडो पत्रकारांना तोंड दिलेली बाई, माइकसमोर जिची पापणी लवत नसे. "मला," ती म्हणाली आणि पुढचा शब्द घशातच अडकला. पुन्हा म्हणाली, "मला... मला मा..." ओठ हलत होते आणि आवाज येत नव्हता. तिने सरांकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं, चेहऱ्यावरून दिसत होतं. आता त्यांनीच म्हणावं, 'तुला माहीत होतं', आणि आपण नुसती मान हलवावी, अशी तिने मनोमन विनवणी केली. सरांनी टेबलावर हात पालथा ठेवला आणि ते थांबले. कुकरची वाफ संपली. बाहेर कुणाचा तरी ट्रक गेला. सर थांबूनच होते. एडमुंडोची वाक्यं आपण किती वेळा पुरी करून टाकली आणि ते त्याला किती हवंहवंसं आणि किती अपमानाचं वाटत असेल, हे तिला त्या स्वयंपाकघरात उभं राहून कळलं.

"मला माहीत होतं," ती शेवटी म्हणाली. "तुम्ही फोन केलात तेव्हा तीन दिवस झाले होते. मी चित्र पाहिलं होतं. त्यानंतर सगळा नोव्हेंबर होता, डिसेंबर होता. मी तुम्हाला फोन केला नाही."

सरांनी टेबलावरची यादी हातात घेतली आणि पुन्हा खाली ठेवली.

"म्हणजे मी लोकांची जी माफी मागितली," ते म्हणाले, "ती त्यांना खरं सांगितल्याबद्दल मागितली."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मजकुराचा कागद तिच्यापुढे सरकवला आणि खिशातली पेन्सिल वर ठेवली. ओडेट आता बसली. वाक्यं घडवण्यात तिचा हात धरणारं ब्रॅनॉकमध्ये कुणी नव्हतं, पण तीन ओळी लिहायला तिला पाऊण तास लागला. आधीचं खोडून तिने लिहिलं की बटणं जाणार हे मला माहीत होतं, कितागावा सरांनी दोनदा संधी दिली तरी मी नाही म्हटलं, आणि त्यांची ऑक्टोबरची बातमी खरी होती. खाली नाव लिहिलं. हा अंक ग्रेडीच्या टेबलावर पोचायला आठवडासुद्धा लागणार नाही आणि त्यानंतरच्या मंगळवारी आपल्याला कुणी कॉफीला पाठवणार नाही, हे तिला लिहितानाच कळत होतं. त्याचं वाईट वाटायला मनात जागा उरली नव्हती.

मग तिने पिशवीतून दोन्ही फोन काढून जूनसमोर ठेवले. जूनने डाव्या हाताने बटणं चाचपली. नवी, उंच, न झिजलेली. अंगठा दोन-तीनदा त्यांच्यावरून फिरला आणि मग तिने दोन्ही फोन टेबलावरच्या यादीकडे ढकलले. "लॉस बानोस," रॉबिन म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा टिकटिक झाली. "दुसरा त्याच्या खालच्या नावाला." स्वतःचा नेलपॉलिश लावलेला फोन तिने मांडीवर घेतला आणि खिडकीबाहेर पाहत बसली.

सर ओडेटला पोचवायला दारापर्यंत आले. घाटात धुकं असेल, सावकाश जा, म्हणाले. एडमुंडोची चौकशी केली. मागे पडवीत दोऱ्या रिकाम्या लोंबत होत्या आणि कोपऱ्यातल्या फळीवर पत्र्याचे डबे रचून ठेवलेले होते. ओडेटने निरोप घेतला आणि पायऱ्या उतरून ती गाडीपाशी गेली. किल्ली हातात होती तरी ती दार उघडेना. सर उंबऱ्यात दोन्ही हात मोकळे सोडून उभे होते. तिला आधी समजलंच नाही की आपण का थांबलो आहोत. मग समजलं. टपालाने डबा येऊन गेलेला असला तरी, गेली कित्येक वर्षं ती या घरी आली की निघताना सर मागून हाक मारायचे आणि आणखी एक डबा आणून द्यायचे, आणि आज इतकं सगळं सांगून झाल्यावरही ती त्या हाकेची वाट बघत उभी होती.